छातीच्या उंचीवरचं लाकूड

तिसरीच्या पुस्तकातल्या अस्वलावर पांढरे ठिपके पडले होते. एकदोन नव्हे, पार पाठीपासून पंजापर्यंत. छापखान्याच्या रज्जाकभाईंनी ते पान प्रणोतीसमोर ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्या कागदावर अस्वल छापलं की त्याच्यावर कोणी कणीक चाळून जाते काय?"

नागपुरातल्या त्या छापखान्यात तीन मोठी ऑफसेट यंत्रं होती. दहा वर्षांपूर्वी ती भंगारात निघायची होती. मग लहान मुलांच्या डोळ्यांचे अहवाल येऊ लागले, पाचवीपर्यंतच्या वर्गांतून डिजिटल पडदे काढून टाकण्याचा कायदा झाला आणि छापील पुस्तकांना पुन्हा दिवस आले. कागदाची मागणी दुप्पट झाली. वैनगंगेच्या काठावरची पेपर मिल, जिच्या लगदा प्रयोगशाळेत प्रणोती निमगडे काम करत होती, तीही त्याच कायद्यानं जगली होती.

प्रणोतीनं आधी शाईला दोष दिला. मग यंत्राच्या वेगाला, मग खोलीतल्या दमट हवेला. रज्जाकभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी शाई बदलून पाहिली होती, वेग निम्म्यावर आणला होता आणि शेवटी त्याच यंत्रावर मिलचाच जुना कागद चढवला होता. जुन्या कागदावरचं अस्वल काळंकुळकुळीत निघालं होतं. ते पानही त्यांनी पुढे केलं.

तिनं यंत्राच्या रबरी रोलरवर चिकटपट्टी दाबली, उचलली आणि भिंगाखाली धरली. पट्टीवर बारीक, चपटे, पिंपाच्या आकाराचे तुकडे चिकटले होते. ते काय आहेत हे सांगायला तिला कोणाची गरज नव्हती. असे तुकडे मोजण्यातच तिची सात वर्षं गेली होती.

निलगिरीचा तंतू आखूड असतो, मिलिमीटरहूनही कमी. आखूड म्हणजे कमअस्सल असं कोणालाही वाटेल, पण छपाईच्या कागदाला तोच लागतो. चिमूटभर लगद्यात असे लाखो तंतू मावतात, दाट बसतात, पान सपाट होतं आणि मागच्या बाजूची अक्षरं पुढे दिसत नाहीत. खोट एकच. झाडाला पाणी वर चढवायला नळ्या लागतात. या जलवाहिन्या तंतूंपेक्षा कितीतरी रुंद असतात. लाकूड शिजलं की त्यांचे तुकडे होतात आणि ते कागदाच्या पृष्ठभागावर पसरतात. शेजारच्या तंतूंशी त्यांचं नीट जुळत नाही. छपाईची शाई चिकट असते. रोलर कागदावरून उचलला जाताना असा सैल तुकडा उपटून नेतो. जिथून तो निघाला तिथे पांढरा ठिपका. आणि तो रोलरवर बसून पुढच्या प्रत्येक पानावर तोच ठिपका पाडत राहतो.

हा दोष ज्या झाडात नाही असं झाड मिलनं तयार केलं होतं. त्याचं नाव शुभ्रा. ते इतर निलगिरीपेक्षा भरभर वाढायचं आणि त्याच्या जलवाहिन्या अरुंद, मोजक्या होत्या. तसं प्रमाणपत्र प्रणोतीनंच दिलं होतं, स्वतःच्या सहीनं. रज्जाकभाईंच्या यंत्रावर चढलेला हा शुभ्राचा पहिला कागद होता.

परतीच्या गाडीत ती अस्वलाची दोन्ही पानं मांडीवर घेऊन बसली होती. येत्या सोमवारी मिलचे तांत्रिक प्रमुख बोधेसाहेब शुभ्राला अंतिम मान्यता देणार होते. त्यावरही प्रयोगशाळेच्या वतीनं तिचीच सही लागणार होती. सही झाली की रोपवाटिकेतली जुन्या वाणाची मातृझाडं उपटायची आणि त्या जागी शुभ्राची लावायची, असं ठरलं होतं. कलमं याच मातृझाडांवरून घेतली जात. बाकीच्या मिलनी तो वाण कधीच टाकून दिला होता. इथली झाडं गेली की तो वाण संपलाच. जागा लवकर मोकळी व्हावी म्हणून रोपवाटिकेनं अर्ध्या वाफ्यांचं पाणी आधीच बंद केलं होतं.

शाल्मलीला फोन करावा असं तिला दोनदा वाटलं. शुभ्रा शाल्मलीनं घडवलं होतं. पण फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. घरी गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं.

घर म्हणजे मिलच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. प्रणोती आणि शाल्मली वाढई अमरावतीला वसतिगृहात एका खोलीत राहिल्या होत्या. प्रणोती रसायनशास्त्राची, शाल्मली वनस्पती जैवतंत्रज्ञानाची. नोकरीही एकाच मिलमध्ये लागली. एकीनं झाड घडवायचं, दुसरीनं त्याचा लगदा तपासायचा. वसाहतीतल्या बायका त्यांना सासू-सून म्हणायच्या. सासू अर्थातच प्रणोती, कारण खोड काढायचं काम तिचं.

जेवताना बोलायची प्रणोती. जगात दुसऱ्या कोणालाही तिच्या कामातले बारकावे ऐकायचे नव्हते. आई म्हणायची, कागद कागद काय करतेस, लग्नाचं बोल. एक मुलगा बघायला आला होता, तो तर ऐकता ऐकता घड्याळाकडे पाहू लागला होता. शाल्मली मात्र भाकरी थापता थापता प्रश्न विचारायची. चकती किती जाड काढतेस? गाठ आली तर वर सरकतेस की खाली? साल काढून मोजतेस की सालीसकट? प्रणोती खुलायची, पाटावर बसल्या बसल्या हातानं झाडं उभी करायची.

तिची पद्धत अशी होती. जंगलात झाडाचा घेर मोजतात तो माणसाच्या छातीच्या उंचीवर. वाकायला नको, चढायला नको, आणि जुन्या मोजणीशी ताळा जमतो. लगद्यासाठी नमुनाही तिथूनच घ्यायची रीत पडली. चाचणीच्या बागेत प्रत्येक झाडाला त्या उंचीवर पिवळ्या रंगाचं कडं काढलेलं असे. इतर प्रयोगशाळा मजुरांना चकत्या आणायला सांगत. प्रणोती स्वतः जायची, पट्टी लावून कडं बरोबर आहे ना ते पाहायची आणि त्याच्या वीतभर वर, वीतभर खाली करवत लावायची. मग त्या लाकडाचे काप, ते क्षारात शिजवणं, धुणं, कुटणं, आणि शेवटी जाळीवर एकेक नमुन्याचा कागद हातानं उचलणं. तो एक दिवस ठरावीक तापमानाच्या खोलीत सुकला की ती तो फाडायची, ताणायची, त्याच्यावर चिकट शाई ओढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे मोजायची. तिचे आकडे कधी इकडचे तिकडे होत नसत. त्याचा तिला अभिमान होता.

त्या संध्याकाळी शाल्मलीनं दार उघडलं, चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय झालं? रज्जाकभाईंनी चहा नाही दिला काय?"

प्रणोतीनं अस्वल दाखवलं. शाल्मली पानाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली की कागदाच्या यंत्रावर काहीतरी गडबड झाली असणार, स्टार्च कमी पडला असेल, सोमवारच्या आधी उगाच बोधेसाहेबांच्या कानावर घालू नकोस. हे सगळं अगदी समजूतदार होतं. फक्त तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. ठिपका केवढा, तुकडे कसले, किती. जेवण होईपर्यंत प्रणोती त्या प्रश्नांची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं साठवणीतले शुभ्राचे जुने नमुने काढून पुन्हा तपासले. शाई ओढली. एक तुकडा हलला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तेच आकडे आले, जे प्रमाणपत्रात होते. तिचा कागद स्वच्छ आणि मिलचा कागद सदोष, झाड मात्र एकच. मिलमध्ये दुसरं लाकूड मिसळलं असेल म्हणून तिनं चौकशी केली. नव्हतं मिसळलं. चाचणीच्या बागेतली शुभ्राचीच झाडं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, सगळीच्या सगळी तोडून त्यांचा लगदा केला होता. कडेच्या दोन ओळी तेवढ्या शिल्लक होत्या.

बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. हे शब्द ऐकताना ती फोन कानाला लावून उभी होती. ती तशीच उभी राहिली.

मागच्या हिवाळ्यात तिनं म्हटलं होतं की एक झाड पूर्ण तोडून वरचं लाकूडही तपासू या. कारण काही नव्हतं, नुसतं कुतूहल. शाल्मली म्हणाली होती की चाचणीची झाडं मोजकी आहेत, एक जरी तोडलं तरी वाढीची मोजणी बिघडेल. आणि हसून म्हणाली होती, "माझ्या झाडावर भरवसा नाही काय तुझा?" प्रणोतीनं लगेच विषय सोडला होता.

आता ती बागेत गेली. शाल्मलीला सांगितलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच, आणि जाताना तिला चोरी करायला निघाल्यासारखं वाटलं. बागेच्या मुकादमाकडून शिल्लक ओळीतलं एक झाड पाडून घेतलं आणि खोडाच्या दर हातभर अंतरावर चकत्या काढल्या. जलवाहिन्या बघायला लाकूड शिजवावं लागत नाही. पातळ काप घ्यायचा, रंगवायचा, काचेवर ठेवायचा.

बुंध्याजवळच्या कापात वाहिन्या मोठमोठ्या होत्या, चाळणीच्या भोकांसारख्या. गुडघ्याच्या उंचीवरही तशाच. मग त्या बारीक झाल्या, नेमक्या तिच्या प्रमाणपत्रातल्या. डोक्याच्या वर गेल्याबरोबर त्या पुन्हा रुंद झाल्या, आणि जुन्या वाणातही त्या उंचीवर कधी दिसल्या नव्हत्या इतक्या रुंद झाल्या. शेंड्यापर्यंत तसंच.

काचा उलटसुलट झाल्या असतील म्हणून तिनं त्या पुन्हा लावल्या. मग दुसरं झाड पाडलं. तिथेही पिवळ्या कड्याच्या थोडं खाली आणि थोडं वर तेवढं लाकूड चांगलं होतं. निसर्गात अशी झाडं नसतात. पाण्याच्या नळ्या शेंड्याकडून बुंध्याकडे हळूहळू रुंदावत जातात, सगळ्याच झाडांत. मधेच आवळलेलं झाड आपोआप होत नाही. ते कोणीतरी मागावं लागतं.

शाल्मलीचं काम मिलच्या संशोधन इमारतीत, पहिल्या मजल्यावर. प्रणोती जिना चढून आत गेली, दार लावलं आणि काचांचा डबा टेबलावर ठेवला. शाल्मलीनं डबा पाहिला, त्याच्यावरच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या उंच्या पाहिल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

"झाड तोडलंस."

"दोन तोडली."

शाल्मली उठली नाही, रागावली नाही. तिनं पडद्यावर शुभ्राचं आभासी झाड उघडलं. ज्या संगणक प्रणालीनं ते घडवलं तिला ध्येय सांगायचं असतं. मग ती लाखो आभासी झाडं वाढवून बघते, कोणती जनुकं कुठे बदलायची ते सुचवते, आणि जे झाड ध्येयाच्या सगळ्यात जवळ जाईल ते पुढे करते. पडद्यावरच्या झाडात रुंद वाहिन्या लाल रंगात होत्या, अरुंद निळ्या. झाड लाल होतं. मधे एक निळा पट्टा होता, करगोटा बांधावा तसा.

"हिला झाड दिसत नाही गं," शाल्मली म्हणाली. "आकडा दिसतो. मी तुझे आकडे दिले. तू मोजतेस तो आकडा उत्तम आला पाहिजे आणि झाड भराभर वाढलं पाहिजे, एवढंच ध्येय. सगळ्या झाडात नळ्या बारीक केल्या की पाणी पुरत नाही, झाड खुरटते. पण मीटर-दीड मीटरच्या पट्ट्यात बारीक केल्या आणि खालीवर रुंद केल्या, तर पाण्याला फरकच पडत नाही. वाढही मिळते आणि तुझी पास-चिठ्ठीही."

पट्टा तिथेच कसा येतो हे तिनं सांगितलं, कारण प्रणोतीनं विचारलं. शेंड्याकडून एक संप्रेरक खाली येतं, मुळांकडून दुसरं वर जातं. दोघांचं प्रमाण खोडावर दर ठिकाणी वेगळं असतं. विशिष्ट प्रमाण जिथे जुळेल तिथे वाहिन्या आवळायच्या, असा बदल जनुकात केलेला. झाड चार वर्षांचं झालं की ते प्रमाण बरोबर छातीच्या उंचीवर जुळतं. प्रणोती झाड तपासायची तेही चार वर्षांचं झाल्यावर.

ऐकताना प्रणोतीला क्षणभर नुसतं कौतुक वाटलं. इतकं सुंदर काम तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिला ते वाटल्याची लाज वाटली.

"हा पट्टा तुला कधी दिसला?"

"आभासी झाडांच्या दुसऱ्या पिढीत. पहिल्यांदा वाटलं, चूक आहे. मग तुझे निकाल आले, एकदम उत्तम. बोधेसाहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. वाटलं, पुढच्या पिढीत दुरुस्त करू. मग तेही राहिलं."

"आणि मी रोज तुला सांगत होते, कुठे कापते, किती वर, किती खाली."

"मी तुला खोटं काही सांगितलं नाही, पनू. तू जे मोजलंस ते खरंच होतं. तू वरचं लाकूड मागितलं असतंस तर मी दिलं असतं."

"मी मागितलं होतं."

खाली अंगणात लाकडाचा ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली.

प्रणोतीला खरं म्हणजे दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. जेवताना विचारलेले ते सगळे प्रश्न. त्यातले किती नुसते विचारले होते आणि किती प्रणालीत भरायला. ते तिनं विचारलंही, जमेल तितक्या कोरड्या आवाजात.

शाल्मलीनं डब्यावरची एक चिठ्ठी बोटानं सरळ केली. "आधी नुसतीच ऐकत होते. मग ते कामाला येऊ लागलं. कोणतं कुठून सुरू झालं, मलाच नाही सांगता येत."

प्रणोतीनं डबा उचलला. तिला वाटलं होतं की शाल्मली रडेल, हात धरेल, निदान सोमवारबद्दल विनंती करेल. तिनं यातलं काही केलं नाही. ती आभासी झाड बंद करायचं विसरून खिडकीबाहेर बघत होती, आणि ते झाड पडद्यावर गोल गोल फिरत होतं.

सोमवारी बोधेसाहेबांच्या दालनात प्रणोतीनं काचा मांडल्या आणि आपलं प्रमाणपत्र मागे घेते असं सांगितलं. बोधेसाहेब मिलमध्ये केस पांढरे झालेला माणूस. त्यांनी काचा एकेक करून उजेडाकडे धरून पाहिल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला.

त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता. तिचा अहवाल चुकीचा होता का?

"नाही, सर. अहवालातला प्रत्येक आकडा बरोबर आहे. झाड त्या अहवालासाठी बनवलेलं आहे."

बोधेसाहेबांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. वाहिन्यांचे तुकडे मऊ करणारी विकरं बाजारात आहेत. कागदावर स्टार्चचा जाड थर देता येईल. नियमाप्रमाणे नमुना छातीच्या उंचीवरचाच घ्यायचा असतो, त्यामुळे कागदोपत्री शुभ्रा पास आहे आणि बोट कोणाकडेच दाखवता येत नाही. प्रणोतीनं अस्वलाची दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि एवढंच म्हणाली की मातृझाडं एकदा उपटली की परत जुन्या वाणाकडे येता येणार नाही, आणि या सहीखाली तिचं नाव नसेल. प्रयोगशाळेच्या सहीशिवाय मान्यता पुढे सरकत नव्हती. बोधेसाहेबांनी रोपवाटिकेला फोन लावून वाफ्यांचं पाणी सुरू करायला सांगितलं. तोवर त्या वाफ्यांतली अर्धी झाडं वाळली होती. उरलेल्यांना नवी पालवी येईल की नाही, हे रोपवाटिकेलाही सांगता येत नव्हतं.

प्रणोतीला वाटलं होतं की आता शाल्मलीचं नाव निघेल. ते निघालं, पण वेगळ्याच तऱ्हेनं. बोधेसाहेब खुर्चीत मागे टेकले आणि जवळजवळ खुशीत म्हणाले की ज्या पोरीनं झाडाला नेमका मीटरभराचा पट्टा बांधला, तिला घालवायला ते वेडे नाहीत. तिनं नियम मोडला नव्हता. तिला ध्येय अर्धवट मिळालं होतं, बस.

"तुम्ही नवी पद्धत बसवा," ते म्हणाले. "कुठे कुठे कापायचं ते ठरवा आणि वाढईला द्या. ती त्याप्रमाणे झाड करून देईल. मैत्रिणी आहात, बसून ठरवा."

प्रणोती दारापर्यंत गेली आणि थांबली. तीन उंच्या ठरवल्या तर झाडाला तीन पट्टे येतील. दहा ठरवल्या तर दहा. प्रणालीला त्यात कपट काही नव्हतं. तिला जे सांगाल ते ती आणून देणार आणि जे सांगणार नाही त्याची काटकसर करणार. जी जागा कोणालाच माहीत नाही तिथे पास होण्याचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे झाड सगळीकडे चांगलं असणं. हे तिला जिन्यात सुचलं असतं तरी चाललं असतं. पण ते दारात सुचलं आणि त्याचा पुढचा भागही लगेच सुचला. प्रणालीपासून लपवून भागणार नव्हतं. प्रणालीला जी सांगते तिच्यापासून लपवावं लागणार होतं. तिनं शपथ घेतली, नियत साफ ठेवली, तरीही. कारण कोणतं ऐकणं कुठे संपतं आणि कोणतं कुठे सुरू होतं, हे शाल्मलीला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

ती परत आली आणि म्हणाली की पद्धत कोणाला देता येणार नाही. उंची आधी ठरणारच नाही. झाड आडवं झाल्यावर, तिथल्या तिथे, फोनवर चिठ्ठी टाकावी तसा यादृच्छिक आकडा काढायचा आणि तिथे कापायचं. झाड घडवणाऱ्यांना निकाल कळेल, फक्त हो किंवा नाही. कुठे कापलं, किती तुकडे आले, काही नाही.

"वाढईलाही नाही?"

"तिलाच नाही, सर."

बोधेसाहेबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग मान डोलावली.

दुसरं क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून दोघी एकाच घरात राहिल्या. शाल्मलीनं माफी मागितली, एकदा नव्हे, बऱ्याचदा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मधेच. प्रणोती ठीक आहे म्हणायची, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. राग हळूहळू विरत गेला होता. उरलं होतं ते जेवण. पानं वाढली की दोघी उन्हाबद्दल बोलायच्या, गॅसबद्दल, शेजारच्या गेडामांच्या घरी आलेल्या पाहुण्यांबद्दल. कधी प्रयोगशाळेत काहीतरी गमतीचं घडलेलं असे आणि ते जिभेवर येई. प्रणोती घोटभर पाणी प्यायची आणि ते खाली जायचं. बाकी कोणाला ते ऐकायचं नव्हतंच.

शाल्मलीनं नवी झाडं घडवली होती. या वेळी ध्येय संपूर्ण झाडाचं दिलं आहे, असं ती म्हणाली, आणि वाढ थोडी कमी स्वीकारली आहे. वर्षभराचं रोप चार वर्षांच्या लाकडासारखं लाकूड धरेल असा आता मार्ग निघाला होता, त्यामुळे वाट फार पाहावी लागली नाही. पहिल्या चाचणीच्या सकाळी ती घेर मोजायच्या निमित्तानं प्रणोतीबरोबर बागेत आली. ऊन अजून तापलं नव्हतं. मुकादमानं झाड पाडलं, फांद्या साळल्या आणि तो पाणी प्यायला सावलीत गेला.

शाल्मली आडव्या खोडाच्या कडेनं चालत गेली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत आणि परत. तिनं सालीवर हात ठेवला. "या वेळी खरंच चांगलं आहे गं," ती म्हणाली. "तू कुठेही काप."

"कापते."

"कुठे कापणार?"

प्रणोतीनं करवत खोडाशेजारी ठेवली.

"सांग न. झाड तर पडलंय. आता काय बदलून राहिलं त्यात?" तिच्या आवाजात लाडीगोडी नव्हती. तिला खरोखर बघायचं होतं. वसतिगृहात पहाटे उठवून प्रणोतीला आपली पहिली अंकुरलेली ऊती दाखवताना ती अशीच दिसली होती.

या झाडात काहीच बदलणार नव्हतं, हे खरं होतं. पुढचं झाड होतं, त्याच्या पुढचं होतं. आणि प्रणोतीला सांगायचं होतं. तिला शेजारी बसवून करवत लावायची होती, काप उजेडात धरून दोघींनी आळीपाळीनं भिंगातून बघायचा होता, शाल्मलीनं विचारावं, साल काढून की सालीसकट, आणि आपण पाटावर बसल्यासारखं सगळं हातवारे करून सांगावं. त्या सात वर्षांत ती जितकी सुखी होती तितकी आधी कधी नव्हती. ते सुख खोटं नव्हतं, आणि तेच गळतीचं सगळ्यात मोठं भोक होतं.

"शालू, तू गाडीत जाऊन बस."

शाल्मली हसली, ही थट्टा आहे असं समजून. मग हसू थांबलं. तिनं पट्टी गुंडाळली, सालीचे कण हातावरून झटकले आणि ओळींमधून चालत रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे गेली. एकदाही मागे न बघता आत बसली. दार लागल्याचा आवाज झाडांमधून आला.

प्रणोती थांबून राहिली. गाडी शंभर पावलांवर होती, काचेला ऊन लागलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं आणि आतून इकडचंही काही दिसलं नसतं. तिनं फोन काढला, पाठ गाडीकडे केली, आणि तरीही पडद्यावर तळहाताचा आडोसा धरूनच आकडा पाहिला.